स्विस रोश्टी घरी करताना बटाटा कच्चा किसावा की उकडलेला?

पोळपाट

स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागातील रोश्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याची, तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेली जाड, एकसंध चकती, घरी नीट करता यावी म्हणून हा धागा काढत आहे. कृती शोधायला बसले की पहिल्याच पायरीवर दोन वाटा फुटतात. काही जण बटाटा कच्चाच किसायला सांगतात, तर काही जण आदल्या दिवशी सालासकट उकडून, रात्रभर गार करून, मग सोलून किसायला सांगतात. दोन्ही पक्ष आपलीच रोश्टी अस्सल असल्याचे ठासून सांगतात आणि दुसऱ्या पक्षाची साधी दखलही घेत नाहीत.

माझा कल कच्च्याकडे आहे. उपवासाला आपण बटाट्याचा कीस करतो तो कच्चा बटाटा किसूनच, आणि तुपात परतल्यावर त्याला जी चव येते ती उकडलेल्या बटाट्याला येत नाही, असे मला वाटते. अर्थात कीस मोकळा हवा असतो आणि रोश्टी एकसंध, त्यामुळे हा दाखला कितपत लागू पडतो ते जाणकारांनी सांगावे. पुण्यात मिळणाऱ्या बटाट्यांपैकी कोणता घ्यावा, आणि अंडे किंवा पीठ न घालता ती उलटताना मोडू नये म्हणून काय करतात, हेही समजून घ्यायचे आहे.

लिम्मतकाठ

मी झुरिकला राहते. आमच्या शेजारच्या आजी मूळच्या एमेंटाल खोऱ्यातल्या, म्हणजे बर्न कँटनच्या (कँटन म्हणजे येथील घटक राज्य), आणि रोश्टी हा मुळात बर्नकडच्या शेतकऱ्यांचा सकाळचा नाश्ता. त्यांच्या लेखी उकडलेला बटाटा हा एकच मार्ग आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहून जे पाहिले ते सविस्तर लिहिते.

शिजल्यावर फुटत नाहीत असे किलोभर बटाटे सालासकट, अख्खे उकडायचे आणि पुरते मऊ होण्याच्या जरा आधी उतरवायचे. सुरी आत जावी, पण मध्याशी किंचित अडावी. पाणी काढून वाफ जाऊ द्यायची आणि नंतर बटाटे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. सकाळी सोलून जाड भोकांच्या किसणीवर किसायचे. किसताना बटाटा लांबीच्या बाजूने, एकाच दिशेने ओढायचा, मागे-पुढे घासायचा नाही. त्यामुळे किसाचे धागे लांब पडतात आणि तेच एकमेकांत अडकून चकतीला धरून ठेवतात. मग लहान चमचाभर मीठ भुरभुरून कीस हलक्या हाताने वर-खाली करायचा.

सव्वीस-अठ्ठावीस सेंटीमीटरच्या जाड तव्यात दोन मोठे चमचे कढवलेले लोणी घालायचे. येथे ते भाजण्या-तळण्यासाठी तयार मिळते, पण ते आपले तूपच. ते तापले की कीस घालून पहिली चार-पाच मिनिटे चक्क परतायचा. ही पायरी पुष्कळ लिखित कृतींत गाळलेली असते, आणि माझ्या मते निम्मे यश तिच्यातच आहे, कारण परतल्याने प्रत्येक धाग्याला तूप लागते आणि वरचे पाणी उडून जाते. त्यानंतर उलथन्याने कडा आत लोटत गोल आकार द्यायचा, वरून हलकेच दाबायचे, आच मध्यमपेक्षा कमी करायची आणि पंधरा मिनिटे हात लावायचा नाही. सुरुवातीची मोठी चरचर हळूहळू बारीक होते, कडा सोनेरी दिसू लागतात, आणि तवा हलवला की अख्खी चकती तव्यात फिरते. ती फिरत नसेल तर उलटण्याची वेळ झालेली नाही, असे समजावे. फिरली की वर सपाट ताटली पालथी घालून, ती हाताने घट्ट दाबून धरून तवा उलटा करायचा, तव्यात आणखी चमचाभर तूप सोडायचे आणि चकती सरकवून दुसरी बाजू दहा-बारा मिनिटे होऊ द्यायची.

अंडे नाही, पीठ नाही, जिरे-मिरची तर नाहीच. आजींच्या मते कांदासुद्धा बाझलकडच्या लोकांचे खूळ आहे.

झाकणझुला

म्हणजे रोश्टी खाण्याची इच्छा आदल्या दिवशीच व्हायला हवी. आमच्याकडे रात्री काय करायचे याचा निर्णय रात्री साडेआठ वाजता, तोही स्विस पद्धतीने सार्वमत घेऊन होतो.

लिम्मतकाठ

@झाकणझुला, इच्छा आधी होत नाही. बटाटे आधी उरतात. फोडणीच्या पोळीसाठी कोणी मुद्दाम आदल्या दिवशी पोळ्या लाटून ठेवत नाही, तसेच आहे हे. येथे रात्रीच्या जेवणाला सालासकट उकडलेले बटाटे आणि सोबत चीज हा नेहमीचा बेत असतो. त्या वेळी चार बटाटे जास्त लावायचे, की दुसऱ्या दिवशीच्या रोश्टीची तयारी झाली.

अर्धाकच्चा

लिम्मतकाठ यांची कृती उत्तम आहे, परंतु कच्च्या बटाट्याची रोश्टी ही कोणा परक्याने केलेली भेसळ आहे असा समज होऊ नये. मी काही वर्षे लुझर्नला होतो आणि तेथील सहकाऱ्यांच्या घरी दोन्ही प्रकार खाल्ले आहेत. कच्च्याची रोश्टी बाहेरून अधिक कुरकुरीत होते आणि तिला बटाट्याची चव अधिक स्पष्ट असते. मात्र तिच्या अटी वेगळ्या आहेत. जाडी सेंटीमीटरभरापेक्षा फार वाढवू नये, नाहीतर बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. पहिली बाजू होत असताना निम्मा वेळ झाकण ठेवावे आणि नंतर काढून टाकावे.

मूळ प्रश्नातील किसाच्या दाखल्याबद्दल सांगायचे तर तेथेच खरा फरक आहे. उपवासाचा कीस आपण पाण्यातून काढतो, कारण वरचा स्टार्च धुऊन गेला तरच तो मोकळा होतो. रोश्टीला तोच स्टार्च चिकटण्यासाठी हवा असतो, म्हणून येथे कीस धुवायचा नाही, फक्त फडक्यात घट्ट पिळायचा. पिळलेले पाणी भांड्यात पाच मिनिटे स्थिर ठेवले की तळाशी पांढरा थर बसतो. वरचे पाणी ओतून तो थर पुन्हा किसात मिसळावा. मीठ अगदी शेवटी, तव्यात टाकण्याच्या क्षणी घालावे, कारण मिठाने पुन्हा पाणी सुटते. हे सर्व भराभर करावे लागते, नाहीतर कीस काळा पडतो.

सुगरण_नव्हे

एक शंका आहे. थोडे शिंगाड्याचे किंवा राजगिऱ्याचे पीठ घातले तर चिकटण्याची चिंताच मिटेल ना?

अर्धाकच्चा

चिंता मिटेल आणि रोश्टीही मिटेल. जे तयार होईल ते उपवासाचे थालीपीठ असेल, आणि ते चांगलेच लागेल, पण धाग्याचे नाव बदलावे लागेल.

रेणुसूत्र

उकडून गार करण्यामागे केवळ सोय नाही, त्याला कारणही आहे. बटाट्यातील स्टार्चचे कण साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी शोषून फुगतात आणि मऊ होतात. गरम असतानाच असा बटाटा किसला तर पेशी फुटून स्टार्च बाहेर येतो आणि किसाऐवजी लगदा होतो. गार होत असताना, विशेषतः फ्रिजच्या तापमानाला, तोच स्टार्च पुन्हा घट्ट, सुबक रचनेत बांधला जातो. म्हणून दुसऱ्या दिवशीचा बटाटा किसणीवर स्वच्छ कापला जातो आणि धागे अखंड राहतात. तरीही पृष्ठभागावर चकती धरून ठेवण्याइतका चिकटपणा शिल्लक असतो. दोन-तीन तास बाहेर ठेवलेला बटाटा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा यांत फरक पडतो तो यामुळेच.

तुपाविषयीही थोडे लिहितो. साध्या लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी आणि थोडे दुधाचे घन पदार्थ असतात. हे घन पदार्थ लवकर काळे पडतात, त्यामुळे अर्धा तास चालणाऱ्या भाजणीत लोणी करपते. तूप यातून सुटते. जुन्या चवीसाठी लोणी हवेच असेल तर ते शेवटच्या दोन मिनिटांत कडेने सोडावे.

गोडशत्रू

@रेणुसूत्र, गार केल्याने स्टार्चचा काही भाग पचायला जड होतो आणि साखर कमी वाढते असे वाचले आहे. तर मधुमेही माणसाला रोश्टी चालेल का?

रेणुसूत्र

काही भाग तसा होतो हे खरे आहे, परंतु तो लहान असतो आणि वर तीन चमचे तूप असते. डॉक्टरांना विचारून पाव चकती खावी. माझ्या प्रतिसादाचा दाखला त्यांना देऊ नये.

पठारकर

बटाट्यावर लिहिण्याचा अधिकार मला थोडाफार आहे, कारण आमची शेती आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर आहे आणि तेथे पावसाळ्यात बटाटाच होतो. जून-जुलैत लागवड आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काढणी. पुण्याच्या बाजारात भाव सांगताना इंदूर, आग्रा आणि तळेगाव अशी गावांची नावे चालतात, जातींची नाहीत; त्यामुळे दुकानदाराला जात विचारून उपयोग होत नाही.

तरी जातींत फरक मोठा आहे. कुफरी पुखराज लवकर येणारा आणि पाणी अधिक असलेला बटाटा आहे. तो उकडल्यावर सहसा फुटत नाही. चिप्सोना ही जात वेफर्ससाठीच काढलेली असून तिच्यात घन भाग जास्त आणि साखर कमी असते. कुफरी ज्योती या दोघांच्या मध्ये पडेल. माझ्या हिशेबाने उकडून करायची असेल तर पुखराज किंवा नवा ज्योती घ्यावा, आणि कच्ची करायची असेल तर चिप्सोना मिळतो का पाहावे. जात कळत नसेल तर एक जुनी परीक्षा आहे. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवावे आणि त्यात बटाटा सोडावा. पिठूळ, म्हणजे शिजल्यावर फुटणारा, बटाटा बुडतो; मेणचट, म्हणजे शिजूनही घट्ट राहणारा, तरंगतो. उकडून करायच्या रोश्टीसाठी तरंगणारा घ्यावा.

आता महत्त्वाचे. उत्तरेकडचा बटाटा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि नंतर कित्येक महिने शीतगृहात राहतो. खाण्याच्या बटाट्याची शीतगृहे साधारण २ ते ४ अंशांवर चालतात, आणि इतक्या थंडीत बटाट्यातील स्टार्चची साखर होऊ लागते. म्हणून पावसाळ्याच्या शेवटी मिळणारा जुना बटाटा गोडसर लागतो आणि तव्यावर पाहता पाहता तांबूस-काळा होतो. लोक आचेला दोष देतात, पण दोष साठवणीचा असतो. असा बटाटा दहा-पंधरा दिवस घरात, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवला तर गोडवा बराच कमी होतो. वेफर्सवाले आपला माल १० ते १२ अंशांवर ठेवतात तो यासाठीच.

रेणुसूत्र

@पठारकर, अतिशय उपयुक्त प्रतिसाद. यात एक भर घालतो. साखर आणि ॲस्पॅराजिन नावाचे अमिनो आम्ल १२० अंशांच्या वर एकत्र आले की ॲक्रिलामाइड तयार होते, आणि ते शक्य तितके कमी असलेले बरे. म्हणून कच्चा बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नये आणि रोश्टी सोनेरी रंगावर उतरवावी, तपकिरीची वाट पाहू नये. उकडलेला बटाटा मात्र फ्रिजमध्ये बिनधास्त ठेवावा. शिजल्यावर हे साखर होण्याचे काम थांबलेले असते.

लिम्मतकाठ

येथे दुकानात ही कटकट नाही. पिशवीवरच्या रंगावरून कळते: हिरवा असेल तर मेणचट, निळा असेल तर पिठूळ. रोश्टीला आम्ही हिरवी पिशवी उचलतो, आणि तिच्यात बहुतेक वेळा शार्लोट जातीचा बटाटा असतो.

बिडाचा_तवा

सदस्यनामावरून पक्षपात उघड आहेच, तरी लिहितो. रोश्टीला बिडाच्या तव्यासारखे भांडे नाही, कारण मंद आचेवर तो सगळीकडे सारखा तापतो आणि थंड कीस पडला तरी त्याची ऊब मोडत नाही. नव्या, न रापलेल्या बिडावर मात्र रोश्टी करू नये. तीन-चार महिने धिरडी-घावने काढलेला तवा घ्यावा. आपल्याकडचा पोळीचा लोखंडी तवा बहुतेक वेळा खोलगट असतो, त्यामुळे मध्ये तूप साचते आणि कडा कोरड्या राहतात. सपाट तळाचा नसेल तर सरळ नॉनस्टिक वापरावा, त्यात कमीपणा नाही. स्टीलच्या कढईत करून पाहणाऱ्यांना शुभेच्छा.

सुगरण_नव्हे

एअर फ्रायरमध्ये होईल का?

बिडाचा_तवा

मी हा प्रश्न वाचलेला नाही.

लेमानतीर

मी लोझानला, म्हणजे खंदकाच्या पलीकडे राहतो. स्वित्झर्लंडमध्ये जर्मनभाषक आणि फ्रेंचभाषक भागांमधल्या सीमेला विनोदाने रोश्टीचा खंदक म्हणतात. फ्रिबूर शहरातून वाहणारी सारीन नदी ही त्या खंदकाची ओळखीची खूण. मतदानाच्या निकालानंतर वर्तमानपत्रांत हा शब्द हमखास येतो. ६ डिसेंबर १९९२ रोजी युरोपीय आर्थिक क्षेत्रात सामील व्हावे की नाही यावर सार्वमत झाले, तेव्हा फ्रेंचभाषक कँटनांनी मोठ्या बहुमताने होकार दिला, बहुतेक जर्मनभाषक कँटनांनी नकार दिला, आणि ५०.३ टक्के मतांनी प्रस्ताव पडला. नकाशावर त्या दिवशी खंदक अगदी स्पष्ट दिसत होता.

गंमत अशी की खंदकाच्या फ्रेंचभाषक बाजूलाही रोश्टी आवडीने खाल्ली जाते. व्हाले कँटनमध्ये तिच्यावर रॅक्लेट चीज वितळवतात आणि टोमॅटो ठेवतात. पदार्थाने सीमा केव्हाच ओलांडली आहे, नाव मात्र भांडणाला दिले गेले आहे.

जुनीपाने

बर्नच्या शेतकऱ्यांचा नाश्ता हा उल्लेख वर आला आहे, त्यास जोडून थोडे लिहितो. बटाटा स्वित्झर्लंडमध्ये आधी आला तो वनस्पतिशास्त्रज्ञांच्या बागेत. बाझलच्या कास्पर बाउहिन यांनी १५९६ मध्ये त्याचे वर्णन करून त्यास सोलानम ट्युबरोसम हे नाव दिले, आणि आजही शास्त्रीय नाव तेच आहे. परंतु शेतकऱ्याने तो मनापासून स्वीकारायला पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे गेली. १७७०-७१ च्या दुष्काळात धान्य बुडाले तेव्हा जमिनीखालच्या या पिकाची किंमत कळली. त्याआधी सकाळी धान्याची पेज किंवा लापशी असे. तिची जागा हळूहळू रोश्टीने आणि दूध घातलेल्या कॉफीने घेतली. तवाच टेबलाच्या मध्यभागी ठेवायचा आणि घरातल्या सर्वांनी आपापल्या बाजूने चमच्याने खायचे, अशी रीत होती. पहाटे गोठ्यातले काम उरकून आलेल्या माणसाच्या पोटाला तो आधार होता. आज आपण हॉटेलात तिला साइड डिश म्हणून पाहतो, विशेषतः झुरिककडे वासराच्या मांसाच्या सायीतल्या रश्शाबरोबर, ती नंतरची गोष्ट आहे.

झाकणझुला

सगळ्यांनी एकाच तव्यातून चमच्याने खायचे म्हटले तर आमच्याकडे खंदक तव्यातच पडतील.

एकादशी_दुप्पट

उपवासाला चालेल असे दिसते. बटाटा आहे, तूप आहे, मीठ सैंधव घेता येईल. कांदा आणि बर्नकडे काही जण घालतात ते खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे वगळले की झाले. चीजचे काय?

लेमानतीर

उपवासाचे तुम्हीच ठरवा, पण शाकाहारी असाल तर चीजबाबत सावध राहावे. ग्रुयेर आणि एमेंटाल ही दोन्ही नावाजलेली चीजे परंपरेने वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे विकर, वापरून करतात. भारतात मिळणारे साधे चीज बहुतेक वेळा शाकाहारी रेनेटचे असते आणि पाकिटावर हिरवी खूण असते, ती पाहून घ्यावी. बर्नच्या पद्धतीतील खारवलेल्या मांसाची खमंग चव शाकाहारी स्वयंपाकात भरून काढायची असेल तर वेगळ्या तव्यात कांदा तांबूस परतून शेवटी वर घालावा. आत मिसळला तर तो पाणी सोडतो आणि चकती फुटते.

पोळपाट

सर्वांचे आभार. दोन्ही पद्धतींनी करून पाहिल्यावर माझे मत बदलले आहे, निदान निम्मे. अर्धाकच्चा यांच्या सांगण्याप्रमाणे पिळून, तळाचा स्टार्च परत घालून केलेली कच्ची रोश्टी छोट्या, पातळ आकारात फार चविष्ट होते, आणि वाढायची तर ती तव्यावरून थेट ताटातच. दहा मिनिटांत ती मऊ पडते. मोठ्या, दोन सेंटीमीटर जाड चकतीला मात्र उकडलेल्या बटाट्याला पर्याय नाही. आतून ती मऊ लोण्यासारखी आणि बाहेर जाड खरपूस कवच, हा विरोध कच्च्याने साधत नाही. बाजारातून पठारकरांच्या मिठाच्या पाण्याने निवडलेला तळेगाव बटाटा आणला होता आणि उलटताना एकही तुकडा सुटला नाही. परतण्याची पायरी वगळू नये, या मताला माझा पूर्ण दुजोरा आहे.

आपल्या विरजणाच्या लोण्याच्या तुपाचा वास रोश्टीत जरा पुढे येतो. घरात कोणाला तो खटकला नाही, पण तटस्थ चव हवी असेल तर निम्मे तूप आणि निम्मे साधे तेल घ्यावे.

पठारकर

बटाटा तरंगला हे वाचून बरे वाटले. हिरवट झालेले किंवा मोड आलेले बटाटे मात्र सालासकट उकडू नयेत. हिरवा भाग खोल कापून काढावा, आणि फारच हिरवा असेल तर टाकून द्यावा.

सुगरण_नव्हे

शेवटचा प्रश्न, आणि हा गंभीर आहे. पंधरा-सोळा माणसे जेवायला असतील तर प्रत्येक चकतीला अर्धा तास लावून पंगत कशी उठायची?

लिम्मतकाठ

येथेही पाहुणे जास्त असले की तवा बाजूला ठेवतात आणि ओव्हनचा मोठा ट्रे काढतात. ट्रेला सढळ तूप लावून, मीठ आणि वितळलेले तूप लावलेला कीस दीड सेंटीमीटर जाडीत पसरावा आणि २२० अंशांवर तीस-चाळीस मिनिटे, वरून रंग येईपर्यंत भाजावा. कवच एकाच बाजूला चांगले येते, त्यामुळे ट्रे ओव्हनच्या खालच्या भागात ठेवावा म्हणजे तळ खरपूस होतो. चौकोनी वड्या कापून, खालची बाजू वर करून वाढाव्यात. ट्रे एक किलोला पुरेसा होतो. सोळा माणसांना तीन किलो बटाटे धरावेत आणि ट्रे एकामागून एक लावावेत.